सागवानी गिटार

माझ्या वहिनीच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा माझ्या थोरल्या भावाने गिटार वाजवायचं कबूल केलं. वाक्य विचित्र आहे हे मला कळतं. पण घडलं ते याच क्रमाने, आणि पुढचं सगळं वर्ष या वाक्यातून निघालं, म्हणून तेच आधी लिहिते.

घाटावरचे कावळे उपाशी नसतात. सकाळपासून शहरभरातली दुःखी माणसं तिथे भाताचे पिंड घेऊन येतात. इतका भात रोज समोर मांडला तर मीही नखरे केले असते. गुरुजींनी पिंड ठेवला, आम्हाला मागे सरायला सांगितलं. कठड्यावर एक कावळा बसला होता. त्याने पिंडाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि मान वळवून तो नदीकडे बघत बसला.

अशा वेळी गेलेल्या माणसाची काही इच्छा मागे राहिली आहे असं धरतात. जवळच्यांनी ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा. शब्द पटला की कावळा येतो.

भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, हात जोडून पुढे झाला. "आई, बाबांची काळजी करू नकोस. मी आहे." कावळा हलला नाही. सून म्हणाली, "आई, तुमच्या कुंड्यांना मी रोज पाणी घालीन." वहिनींची बहीण रडत म्हणाली, "ताई, देवीची ओटी मी भरते गं तुझ्या वतीने. ये आता." मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वहिनी, दादाला मी एकटं पडू देणार नाही." कावळ्याने पंख साफ केला. कर्वेनगरहून शेजारच्या वारज्याला त्यांच्या घरी यायला मला आठवड्यातून एकदाही सवड होत नसे, हे वहिनींना चांगलं माहीत होतं.

गुरुजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा करून घेऊ या का? शास्त्राला चालतं. आपल्यामागे अजून मंडळी खोळंबली आहेत." खरा कावळा आला नाही तर दर्भाचा एक कावळा करून तो पिंडाला टेकवतात. सोय सगळ्याचीच असते.

दादा इतका वेळ हात मागे बांधून उभा होता. खडकीच्या कारखान्यात तो आयुष्यभर तपासनीस होता. मोजून पाहिल्याशिवाय त्याने कशावर विश्वास ठेवल्याचं मला आठवत नाही. तो दोन पावलं पुढे गेला आणि फोनवर निरोप द्यावा तशा आवाजात म्हणाला, "वाजवीन. गिटार वाजवीन मी."

कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

कोणीतरी हुंदका दिला. वहिनींची बहीण म्हणाली, "बघा! अडकला होता हो जीव." माझं मत विचाराल तर दादा बोलला तेव्हा आश्चर्याने सगळेच गप्प झाले, आणि त्या पक्ष्याला सकाळपासून पहिल्यांदा शांतता मिळाली. पण माझं मत कोणी विचारलं नाही. आणि दादाचा चेहरा पाहिल्यावर ते मत माझं मलाच नकोसं झालं.

*

दादा गिटार वाजवायचा हे भाच्याला माहीतच नव्हतं. त्याच्या जन्माआधी ते संपलं होतं.

खडकीला क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या कारखान्यातल्या पोरांनी एक ऑर्केस्ट्रा काढला होता. गणपतीत त्याला मागणी असे. दादाची इलेक्ट्रिक गिटार मंडळाच्या मालकीची होती, रंगाने लाल, आणि तिचा एक कोपरा कुठल्याशा स्टेजवरून पडून फुटलेला होता. पांढरे बूट घालून तो स्टेजच्या कडेला उभा राही. गाणारे पुढे, टाळ्या त्यांना. दादाला ते बरं वाटे. लग्न ठरल्यावर वहिनींना त्याने पहिल्यांदा भेटायला बोलावलं तेही अशाच एका कार्यक्रमाला. माणसाने स्वतःविषयी बोलायची वेळ टाळावी तर ती अशी.

मग लग्न झालं, मूल झालं, कारखान्यात शिफ्ट बदलली. ऑर्केस्ट्रा आपोआप मोडला. लाल गिटार कोणाकडे गेली ते कोणी विचारलं नाही. भांडण नाही, मनाई नाही, काही नाही. वहिनी मात्र अधूनमधून, भांडी पुसताना, शेंगा सोलताना, म्हणायच्या, "छान वाजवायचात हो तुम्ही." दादा म्हणायचा, "रिटायर झालो की बघू." रिटायर झाल्यावर तो सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या बघू लागला. वहिनी पुन्हा कधी म्हणाल्या, तर तो म्हणे, "टाक्यांचं एकदा मार्गी लागू दे." त्या हसायच्या. मागे लागणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि दादाच्या स्वभावात ते ओळखणं नव्हतं.

त्यांचं दुखणं फार लांबलं नाही. दवाखान्यात शेवटी शेवटी त्या बोलत नव्हत्या. म्हणजे काय राहिलं ते सांगून गेल्या नाहीत. घाटावर जे तो बोलला ते त्याने स्वतःच शोधून काढलं होतं.

*

महिना उलटल्यावर भाचा त्याला गिटार घ्यायला घेऊन गेला. मीही गेले. मी दादाला एकटं पडू देणार नव्हते ना. दुकान चकचकीत होतं. भिंतीभर गिटारी टांगलेल्या, मिठाईच्या दुकानातल्या खोक्यांसारख्या लखलखीत. विक्रेता मुलगा अदबीने म्हणाला, "अंकल, कोणासाठी बघताय? नातवासाठी?"

दादाने एक गिटार हातात घेतली, डोळ्यासमोर आडवी धरली, एक डोळा मिटून तिच्या मानेच्या सरळ रेषेतून पाहिलं आणि परत दिली. दुसरी घेतली. परत दिली. तिसरीला त्याने खिशातून स्टीलची पट्टी काढून लावली तेव्हा विक्रेत्याने भाच्याकडे पाहिलं.

रस्त्यावर आल्यावर दादा म्हणाला, "तयार माल नको. मी बनवतो."

"बाबा, गिटार बनवत नाहीत, घेतात," भाचा म्हणाला.

"कोणीतरी बनवतं म्हणूनच घेतात ना?"

भाच्याचा स्वभाव चांगला आहे. तो आयटीत आहे, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू सुट्या भागांत मागवता येते यावर त्याचा विश्वास आहे. मान तयार मागवायची, कारण तिच्यावर पट्ट्या ठोकायचं काम दादाला या वयात जमणार नव्हतं. खुंट्या, तारांची खालची टोकं बसतात तो पूल, पिकअप म्हणजे तारांचं थरथरणं विजेत उतरवणारी ती तारेच्या वेटोळ्यांची डबी, आवाजाची बटणं, हेही मागवायचं. उरलं धड. धडाला लाकूड हवं.

बैठकीच्या खोलीत एक दिवाण होता. क्वार्टर सोडून वारज्याला स्वतःच्या घरात आले तेव्हा वहिनींनी तो करवून घेतला होता. सुताराच्या डोक्यावर उभं राहून. आलेल्या प्रत्येकाला त्या त्यावर बसवायच्या आणि बसल्यावर सांगायच्या, "अस्सल सागवान आहे." आपल्याकडे सागवानाचा मान काही और असतो. जावयाचं कौतुक करतानाही लोक इतक्या खात्रीने बोलत नाहीत. दुपारी त्या त्याच दिवाणावर, खिडकीच्या बाजूला, पाय वर घेऊन बसत. आता तिथे कोणी बसत नव्हतं. पाहुणेसुद्धा प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून घेत.

दादाने तो दिवाण एका रविवारी खोलला. फळ्या भिंतीला लावून ठेवल्या. भाच्याने निघालेले स्क्रू वेचून डबीत भरले.

माझ्या सोसायटीत खाली एक गिटार क्लास आहे. तिथल्या मास्तरांना मी दादाकडे घेऊन गेले. तिशीचा, केस बांधलेला, चांगला मुलगा. त्याने फळी उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"काका, सागवान?"

"अस्सल," दादा म्हणाला.

"अस्सलच आहे, पण फार जड होईल हो. धडाला हलकं लाकूड घेतात. खांद्याला लावून तासभर उभं राहायचं असतं."

"माझ्या घरात हलकं लाकूड नाही."

मास्तर माझ्याकडे पाहू लागला. मी फळ्यांकडे पाहू लागले. तो बिचारा "मग मस्त होईल" असं म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

*

काम ड्राय बाल्कनीत चालायचं. वॉशिंग मशीन बंद करून तिच्यावर फळी टाकली की दादाचं वर्कशॉप तयार. त्याने आधी पुठ्ठ्यावर आकार कापला. मला वाटलं तो दुकानातल्यासारखा असेल. पण तो आकार त्या जुन्या लाल गिटारीचा होता, आठवणीतून काढलेला, फक्त फुटका कोपरा धड केलेला.

फळ्या एकमेकींना गोंदाने चिकटवून शिकंज्यात आवळून ठेवल्या. मग करवत, मग पटाशी, मग कानस, मग काचपेपर. सागाचा भुसा घरभर. त्याला एक तेलकट, कडवट वास असतो. मी गेले की केसांतून तो घेऊन परत यायचे. सोसायटीच्या ग्रुपवर सचिवांचा संदेश पडला, 'बी विंगमधील एका ज्येष्ठ व सन्माननीय सभासदांच्या निवासस्थानातून येणाऱ्या ध्वनीबाबत अन्य सभासदांच्या भावना तीव्र आहेत.' दादाने खाली लिहिलं, 'भावना मोजून कळवाव्यात.' त्यानंतर कोणी काही कळवलं नाही.

मी खरंच जाऊ लागले. आठवड्यातून दोनदा तरी. कावळ्याला दिलेला शब्द म्हणून नाही. त्या दिवसांत त्या घरात काहीतरी पुढे सरकत होतं, आणि दुसरीकडे कुठे ते दिसत नव्हतं. तो जेवू लागला होता. कानाच्या मागे पेन्सिल लावून तो मला दाराशी भेटायचा आणि नमस्कार-चमत्कार न करता म्हणायचा, "हे धर." मग मी काहीतरी धरायचे. साठी ओलांडलेल्या बाईला असं काही धरायला सांगणारं माणूस उरणं ही मोठी गोष्ट आहे.

पावसाळा संपेपर्यंत धड तयार झालं, त्याला मान बसली. खरं सांगायचं तर ती गिटार देखणी होती. सागवानाच्या रेषा दिवाणावर होत्या तेव्हा मला कधी दिसल्या नव्हत्या. मी हातात घेतली आणि मास्तरांची आठवण झाली. गॅसचं सिलेंडर उचलल्यासारखं वाटलं.

"आता?" मी विचारलं.

"आता मान काढायची. बसवलीय ती बरोबर नाही. इथे बघ, खाचेच्या फटीत पट्टी जाते."

मला पट्टी जाताना दिसली नाही. त्याने खाचेच्या कडेला लाल रंगाचा ठिपका दिला. कारखान्यात नापास झालेल्या भागाला देतात तसा.

मान काढली, खाच भरली, पुन्हा कोरली. त्यात दिवाळी गेली. घरात तसंही दिवाळी करायची नव्हती. मग पॉलिश. पॉलिश झालं, छान झालं, आणि पुढच्या खेपेला गेले तर सगळं खरवडलेलं. "बुडबुडा होता," तो म्हणाला. पुन्हा पॉलिश. पुन्हा खरवडलं. मग पिकअप काढून पुन्हा बसवले, कारण त्यांची उंची. मग पूल. सगळीकडे लाल ठिपके. गोवर आल्यासारखी ती गिटार बाल्कनीत पडून असायची.

भाचा मला फोनवर म्हणाला, "आत्या, बाबा परफेक्शनिस्ट आहेत, पण हे टू मच आहे. वर्षश्राद्ध जवळ आलंय. आईला शब्द दिलाय त्यांनी."

"सांगते," मी म्हटलं.

*

गेले तेव्हा गिटार भिंतीला टेकवून ठेवलेली होती. एकही लाल ठिपका नव्हता. सगळं जागच्या जागी. फक्त तारा नव्हत्या. तारांचं पाकीट न फोडलेलं, टीव्हीशेजारी, वहिनींच्या चष्म्याच्या डबीखाली.

"तारा लाव की," मी म्हटलं.

"लावीन. मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या नटची उंची एकदा बघायचीय."

"दादा, मी मागे आले तेव्हाच तू नटची उंची बघितली होतीस."

तो वळला. चहा ठेवायला आत गेला. मी मागोमाग गेले. मला वाटलं बोटांची भीती असेल. इतक्या वर्षांनी वाजणार नाही, लोक हसतील. मी म्हटलं, "नाही जमलं तर नाही जमलं. कोण ऐकणार आहे? आपणच."

"जमेल," तो म्हणाला. "थोडंफार जमेल. बोटं लावून बघतो मी टेबलावर."

"मग?"

त्याने गॅस बारीक केला. "वाजवली की झालं ना गं."

"काय झालं?"

"शब्द पुरा झाला. मग तिचं काय राहिलं इथे?"

दूध वर आलं, त्याने फुंकर मारली. मी पुस्तकं वाचण्यात जन्म घालवलेली बाई. मरणावर लोकांनी काय काय लिहिलंय ते मी वर्गात शिकवलंही आहे. स्वयंपाकघरात उभी राहून मला एक वाक्य सुचेना. शेवटी जे सुचलं ते मूर्खपणाचं होतं. "तू मानतोस हे?"

"तू होतीस की तिथे. सगळ्यांनी सगळं सांगून पाहिलं. ती हलली नाही. माझ्या बोलण्यावर आली." त्याने चहा गाळला. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी थांबली होती. नाहीतर मीच तिला थांबवत आलो."

त्या दिवशी भाच्याला मी फोन केला नाही.

*

भाच्याने मात्र वर्षश्राद्धाची तयारी जोरात चालवली होती. दुपारी विधी, संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम. त्याचा आराखडा मला त्याने मोबाइलवर दाखवला. वहिनींचा फोटो असलेला फ्लेक्स, दीपप्रज्वलन, दोन शब्द सचिवांचे, दोन शब्द नगरसेवकांचे, शाल, श्रीफळ, एका गायिकेची भक्तिगीतं, आणि मग बाबांचं गिटारवादन. "गाणारीला थोडक्यात संपवायला सांगितलंय," तो म्हणाला. एका बाईच्या पश्चात तिच्या नवऱ्याला एक गाणं वाजवायचं होतं. त्यासाठी नगरसेवक कशाला लागतो हे मला समजलं नाही. पण आपल्याकडे दुःखालासुद्धा सूत्रसंचालक लागतो.

दादा म्हणाला, "नको."

"बाबा, लोकांना सांगितलंय."

"मी सांगितलं नव्हतं."

"आईला तर सांगितलंत ना? घाटावर, सगळ्यांच्या समोर? वर्ष झालं बाबा. फ्लेक्स राहू दे, हॉल राहू दे, घरात वाजवा, पण वाजवा. माझी आई तिकडे लटकून राहिलीय असं वाटतं मला." शेवटी त्याचा आवाज फुटला. तो पोरगा इतका वेळ नगरसेवकाच्या आडून रडत होता हे मला तेव्हा कळलं.

"फायनल इन्स्पेक्शन बाकी आहे," दादा म्हणाला आणि बाल्कनीत गेला.

दोघंही खरं बोलत होते. एकाला आई सुटायला हवी होती, दुसऱ्याला बायको राहायला हवी होती. मी मध्ये उभी होते, आणि माझा तर या सगळ्यावर विश्वासच नव्हता.

हॉल रद्द झाला. विधी घरीच झाले. सगळं उरकल्यावर केळीच्या पानावर वाढून ते पान गच्चीवर कावळ्यासाठी ठेवायचं होतं. खीर, वडे, वहिनींच्या आवडीची गवारीची भाजी. सगळे वर आले.  प्रत्येकाच्या मनात तेच होतं. शब्द पाळलेला नाही, आता कावळा येणार नाही. वहिनींच्या बहिणीने तर माझ्या कानात विचारलं, "गिटार वर आणून ठेवू या का? निदान दिसेल तरी."

भाच्याने वडिलांकडे पाहिलं. दादाने पाहिलं नाही. त्याने पान दोन्ही हातांनी उचललं, कठड्यावर ठेवलं, एक कोपरा वाऱ्याने उलटत होता तो नीट केला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. मला तो चेहरा ओळखीचा होता. लहानपणी लपाछपीत राज्य दुसऱ्यावर असताना दादा असाच उभा राहायचा, आपण सापडणार नाही याची खात्री असल्यासारखा.

त्याचा हात पानावरून निघायच्या आत कावळा आला.

उडत आला, थेट पानावर उतरला, वडा चोचीत धरला. मागोमाग दुसरा आला. दोघांनी मिळून पान फस्त करायला घेतलं.

"तृप्त आहे हो माझी ताई!" वहिनींच्या बहिणीने हात जोडले. भाचा रडतरडत हसत होता. सुनेने त्याच्या पाठीवर हात ठेवला. गुरुजी म्हणाले, "उत्तम. काही राहिलं नाही." मंडळी हलकी होऊन जिना उतरू लागली. खाली जेवणं होती.

दादा कठड्याशीच उभा होता. मी जवळ गेले.

"माझं राहिलं होतं की गं," तो म्हणाला. "थांबली नाही ती."

माझ्याजवळ सांगण्यासारखं होतं. वर्षभर मी तेच जवळ बाळगून होते आणि आता ते पहिल्यांदा कोणाच्या उपयोगाचं होतं. मी म्हटलं, "दादा, तो कावळा आहे रे. नुसता कावळा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तपासणीला आलेल्या वस्तूकडे पाहावं तसं.

"मग त्या दिवशी कोण होतं?"

 तेव्हाचा कावळा खरा धरायचा तर आजचाही धरायला हवा होता, आणि आजचा नुसता कावळा म्हणायचा तर वर्षभर दादा त्या गिटारीशी काय करत होता? कुठूनही मोजलं तरी हाती तेच येत होतं. खाली कोणीतरी पानं वाढली म्हणून हाक मारली. तो गेला, आग्रह करकरून त्याने सगळ्यांना वाढलं.

*

पाहुणे गेल्यावर त्याने तारांचं पाकीट फोडलं. भाचा आणि सून वहिनींच्या बहिणीला पोचवायला गेले होते. घरात आम्ही दोघंच. तो एकेक तार ओवून खुंटीवर गुंडाळत होता आणि मी सुटी टोकं धरत होते. भाच्याने आणलेला छोटा अँप्लिफायर त्याने लावला. त्यातून बारीक गुणगुण सुरू झाली. तारांवर हात ठेवला की ती थांबे, हात उचलला की पुन्हा.

पट्टा गळ्यात घालून तो उभा राहिला आणि लगेच बसला. खांद्याला पेलवेना. प्लास्टिकच्या खुर्चीत, जिथे दिवाण होता तिथेच, ती गिटार मांडीवर घेऊन तो बसला. बाळाला घेऊन बसल्यासारखा म्हणणार होते, पण तशी नव्हती ती. दुखण्यातून उठलेल्या मोठ्या माणसाला आधार द्यावा तसा त्याने तिला हात दिला होता.

मग वाजवलं. गाणं मला ठाऊक होतं, त्या वेळी खडकीच्या प्रत्येक मांडवात वाजायचं. सूर चुकत होते, बोटाखाली तार झणझणत होती, पण ते गाणं होतं यात शंका नव्हती. मुखडा झाला. पहिलं कडवं निम्मं झालं. आणि तो थांबला.

"पुढे काय होतं?"

मी तारांच्या रिकाम्या पाकिटाची घडी घातली.

त्याने पुन्हा मुखड्यापासून सुरू केलं, त्याच जागी येऊन थांबला. "वाजवता वाजवता अडलो की तीच गुणगुणायची पुढचं," तो म्हणाला. "समोर पहिल्या रांगेत बसून. मला ओठ दिसायचे." मग त्याने तारांवर हात ठेवला आणि अँप्लिफायरही गप्प झाला.

त्याला आता बरेच महिने झाले. गिटार भिंतीशी उभी असते. दादा रोज दुपारी ती मांडीवर घेतो, मुखडा वाजवतो, कडव्याच्या मध्यावर थांबतो आणि बटण बंद करतो. भाच्याने एकदा मोबाइलवर ते गाणं शोधून काढलं, मूळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत. "ऐका बाबा, दोन मिनिटांत आठवेल." दादाने फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "नको. आठवेल मला. घाई काय आहे."

मला ते कडवं येतं. घरी परत जाताना रिक्षात कधी कधी ते आपोआप तोंडात येतं, पुढच्या ओळीसकट. वारज्याच्या त्या घराची पायरी चढले की मी ओठ मिटून घेते.